रॅम रिकामी करण्याच्या तीन उपायांविषयी

संगणक मंद चालतो तो रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, भरल्यामुळे; जुन्या फायली काढून टाका, पडद्यावर दहा वेळा रिफ्रेश करा, रात्री शटडाउन करा, म्हणजे रॅम रिकामी होईल, असा संदेश सोलापुरातील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्यातले तीनही उपाय रॅमच्या नावाने सांगितले असले, तरी पहिल्या दोहोंचा रॅमशी जवळजवळ संबंध नाही आणि तिसरा अर्धवट आहे.

फायली हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपांमध्ये मजकूर साठवणाऱ्या डिस्कवर) असतात आणि वीज गेली तरी तिथेच राहतात. रॅममध्ये फक्त चालू काम असते व वीज जाताच ते पुसले जाते. सेव्ह न केलेले बिल हातचे जाते ते यामुळेच. गोदामातील गाठी विकल्या म्हणून मागावरचे सूत कमी होत नाही, तसेच हे आहे. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल, तर रॅममध्ये न मावणारा मजकूर तात्पुरता ठेवायला विंडोजला जागा उरत नाही. तेवढ्यापुरता हा सल्ला खरा मानता येईल.

रिफ्रेशने पडद्यावरील चिन्हे पुन्हा रेखाटली जातात, एवढेच.

शटडाउनची गोष्ट थोडी गमतीची आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होऊन सकाळी तसाच परत येतो. खरोखर नव्याने सुरुवात हवी असेल, तर ‘रीस्टार्ट’ निवडावे लागते.

शिवाय रॅम भरलेली दिसणे हा मुळात दोषच नव्हे, कारण मोकळ्या रॅममध्ये विंडोज वारंवार लागणारा मजकूर मुद्दाम ठेवते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी, म्हणजे रॅम, निम्मीच वापरात आणि डिस्क सतत १०० टक्के कामात दिसत असेल, तर अडचण डिस्कची आहे: हार्ड डिस्कच्या मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा समोर येण्यासच सरासरी ४ मिलिसेकंद जातात, आणि एसएसडीत फिरणारे काहीच नसते.

आपल्याकडचे एक कारण मात्र त्या संदेशात नाहीच. अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यातला संगणक मी मे महिन्यात उघडला, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यामागे सुताच्या लवेचा नमद्यासारखा थर बसला होता. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. तो थर ब्रशने काढला आणि, एकही फाइल न पुसता, हिशेबाचे काम पूर्ववत चालू लागले.