शेवटची बोट ‘हाल्ब झेक्स’ला

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे म्युनिकमध्ये शिकणाऱ्या आम्हा पाच मराठी विद्यार्थ्यांची रविवारची सहल शनिवारी रात्री कणीक मळण्यापासूनच सुरू होत असे. सप्टेंबरात परीक्षा संपल्या आणि ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या क्योनिग्झे सरोवराला जायचे ठरले, तेव्हाही वीस दशम्या, लसणाची चटणी आणि स्वतःच्या गिर्यारोहणाविषयीचे काही गैरसमज एवढी शिदोरी घेऊन आम्ही पहाटे स्थानकावर पोहोचलो.

प्रवास अर्थातच बायर्न तिकिटावर होता. एका तिकिटावर पाच जणांनी बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिकच्या ‘बायर्न’ राज्यातल्या, साध्या गाड्यांनी हवे तितके फिरावे, आणि शनिवार-रविवारी तर मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत फिरावे, याहून सुंदर हिशेब युरोपात माझ्या पाहण्यात नाही. अट एकच, की प्रत्येक प्रवाशाचे नाव तिकिटावर लिहिलेले असले पाहिजे. आमच्यातल्या सोलापूरच्या मैत्रिणीचे आडनाव दिलेल्या ओळीत मावेना, म्हणून ते समासात चढवावे लागले. तपासनिसाने ते वाचण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न केला आणि मग ओळखपत्र न मागताच शुभेच्छा देऊन तो पुढे गेला.

क्योनिग्झेच्या दोन्ही बाजूंचे कडे असे सरळ पाण्यात उतरतात, की काठाने चालत पलीकडे जाण्याची सोयच नाही. जायचे ते बोटीने आणि यायचेही बोटीनेच. या बोटी 1909 पासून विजेवर चालतात, त्यामुळे त्या आवाज करत नाहीत आणि प्रवाशांनाही आवाज करण्याचा संकोच वाटतो. मध्येच एका कड्यासमोर बोट थांबवून नावाड्याने तुतारीसारखे वाद्य वाजवले, डोंगराने प्रत्येक सूर परत केला, आणि नावाड्याने बक्षिशीसाठी टोपी फिरवली. अर्धे काम डोंगराने केले असताना पैसे पूर्ण का द्यायचे, हा नाशिककराचा प्रश्न सुदैवाने मराठीत होता.

लाल घुमटांचे सांक्ट बार्टोलोमे चर्च आणि त्याच्या डोक्यावरचा 2713 मीटर उंचीचा वाट्समान मागे टाकून आम्ही शेवटच्या सालेट धक्क्यावर उतरलो. उतरता उतरता नावाड्याने आपल्या घट्ट बव्हेरियन उच्चारात शेवटच्या बोटीची वेळ सांगितली. त्यातले ‘हाल्ब झेक्स’ एवढेच शब्द आमच्या हाती लागले. कोल्हापूरकराकडे जर्मनच्या परीक्षेचे प्रमाणपत्र होते. “हाल्ब म्हणजे अर्धा, झेक्स म्हणजे सहा. साडेसहा!” असा त्याने निकाल दिला, आणि आम्ही निवांत झालो.

पुढे ओबरझे हे धाकटे सरोवर लागते. त्याच्या काठाने पायऱ्या चढत, पोलादी दोराला धरत गेले, की फिशुंकेल आल्म ही गुराख्यांची झोपडी येते आणि तिच्याही पुढे सुमारे 470 मीटरांवरून उतरणारा रोथबाखचा धबधबा. झोपडीत चक्क ताक मिळाले. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला सुटलेली शेवटची एसटी, मग कुणाच्या तरी ओसरीवर मिळालेले पिठले-भाकर, अशा आठवणी काढत आम्ही धबधब्यापाशी दशम्या संपवल्या. सव्वाचार वाजले होते. तेवढ्यात सोलापूरकरीण शांतपणे म्हणाली, “अरे, हाल्ब झेक्स म्हणजे साडेपाच. सहाला अर्धा कमी. याच प्रश्नावर माझे मार्क गेले होते.”

आता वाटते, की निदान आम्हाला तरी हे कळायला हवे होते. आपले ‘अडीच’ हे संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दातून आले आहे, म्हणजे तिसरा अर्धाच, आणि जर्मन माणूस अडीचला ‘हाल्ब द्राय’ म्हणजे नेमके तेच म्हणतो. पण व्युत्पत्ती ही बसल्या जागी सुचणारी गोष्ट आहे; तेव्हा सुचली ती फक्त पायवाट. येताना दीड तास लागलेली ती वाट आम्ही सव्वा तासात उतरायची होती, आणि पोटात दशम्यांवर ताक डुचमळत होते. पोलादी दोर धरायला आता कुणालाच सवड नव्हती. वाटेत पुढे चाललेल्या एका जर्मन आजोबांना “एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग”, म्हणजे ‘माफ करा’, असे पाच वेळा ऐकावे लागले, आणि पाचव्या वेळी त्यांनी बाजूच्या गवतात उभे राहणेच पसंत केले. इथे बोट चुकली तर ना देऊळ, ना ओसरी, ना पिठले; फक्त कडे, पाणी आणि कोल्हापूरकराचे प्रमाणपत्र.

पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी आम्ही धापा टाकत सालेटला पोहोचलो, तर धक्क्यावर शेदीडशे माणसांची रांग शिस्तीत उभी होती. एकामागून एक बोटी येत होत्या आणि भरून जात होत्या. ज्या बोटीसाठी जीव तोडून पळालो, तिची वाट पाहत आम्ही पाऊण तास उभे राहिलो. थोड्या वेळाने मघाचे आजोबा काठी टेकत, सावकाश येऊन आमच्या मागे उभे राहिले आणि आमच्याकडे पाहून हसले.

रात्री फ्राइलासिंगला गाडी बदलायची होती. म्युनिकची पुढची गाडी केव्हा, असे मी फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारले. “हाल्ब त्सेन,” तो म्हणाला. त्सेन म्हणजे दहा. घड्याळात आठ चाळीस झाले होते, बाके रिकामी होती आणि पाय सुजले होते. तरीही साडेनऊपर्यंत आमच्यापैकी एकही जण बसला नाही.