चौऱ्याण्णवचा फेरा

चौऱ्यांशीच्या फेऱ्यातून सुटण्याचे मार्ग पुष्कळांनी सांगून ठेवले आहेत. चौऱ्याण्णवच्या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला मात्र कोणी वाली नाही. घरी ३०० एमबीपीएसचे (म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट वेगाचे) इंटरनेट घेतलेले असताना माझा संगणक स्पीड टेस्टमध्ये ९४ हा एकच आकडा दाखवत असे. सकाळी ९४, मध्यरात्री ९४, राउटर बंद करून पुन्हा चालू केला तरी ९४. इतकी एकनिष्ठा मी माणसांतही पाहिलेली नाही.

हा आकडाही सुखासुखी मिळाला नव्हता. आधी संगणक वायफायवर होता आणि चाळिशीच्या आसपासच धापा टाकत असे. त्याच्या पोटातले वायफाय कार्ड एका अँटेनाचे, फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखणारे. त्याची कमाल झेप ७२ एमबीपीएसची, तीही कागदावरची. त्याच लहरींवर ब्लूटूथ, शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळी मंडळी दाटीवाटीने नांदत असल्यामुळे, स्वयंपाकघरात कोणी काही गरम करायला ठेवले की माझ्या मीटिंगमधली माणसे तोंड उघडे ठेवून गोठत. (त्या दिवसांत मी घरच्यांना गार जेवण्याचे फायदे सांगत असे.) अखेर मी केबल जोडली, वेग दुपटीने वाढला आणि ९४ वर जो बसला तो बसलाच.

आता दोष कंपनीचाच, याविषयी मला शंका उरली नाही. कस्टमर केअरला फोन करणे हा माझा संध्याकाळचा नित्यनेम झाला. पलीकडचा आवाज दरवेळी नम्रपणे विचारी, ‘‘सर, मोबाइलवर किती स्पीड येतो?’’ मोबाइलवर घरच्याच वायफायने २८० येत असे. पण मी तक्रार संगणकाची करत असताना मोबाइलची चौकशी करणे हे मला शुद्ध विषयांतर वाटे, आणि तसे मी सुनावतही असे. आपल्याच अशिलाविरुद्धचा पुरावा खिशात घेऊन वकिलाने कोर्टात तावातावाने भांडावे, तसे माझे चालले होते.

शेवटी तंत्रज्ञ घरी आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप स्वतःच्या केबलने राउटरला जोडला, तेव्हा २९० आले. मग माझा आकडा पाहून, रुग्णाचे कुपथ्य नाडीवरूनच ओळखणाऱ्या वैद्यासारखा तो हसला. ९४ याचा अर्थ जोडणी १०० वर झाली आहे, असे त्याने सांगितले; वरचे पाच-सहा माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्ते लिहिण्यात खर्च होतात. संगणकाचे नेटवर्क कार्ड गिगाबिटचे, म्हणजे १००० चे, राउटरही गिगाबिटचा, मग हे १०० आले कुठून? तर केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली, की कार्ड आणि राउटर आपापसात समजुतीने १०० वर उतरतात आणि या तडजोडीची घरमालकापाशी वाच्यता करत नाहीत. इंटरनेट साफ बंद पडले असते तर मी पहिल्याच दिवशी केबल तपासली असती. ते चालू राहिले, हाच घात झाला.

तंत्रज्ञ केबल चाचपत पुढे सरकला आणि माझ्या खुर्चीपाशी थांबला. चाकाखाली ती पापडासारखी चपटी झाली होती. वरचे आवरण कापल्यावर आतली तपकिरी तार तुटलेली निघाली. रोज संध्याकाळी तक्रार करता करता, त्वेषाने खुर्ची मागेपुढे करत मी तिला निष्ठेने दळत होतो.

नवी केबल लागली, २९० आले, आणि विजयी मुद्रेने मी पहिले पान उघडले. ते पूर्वीइतक्याच सावकाश उघडले. ४ जीबी रॅम, तबकडीची जुनी हार्ड डिस्क आणि मी उघडून ठेवलेले ४३ टॅब! टपाल आता क्षणात दारात येऊन पडत होते, पण ते फोडून वाचणाऱ्या गृहस्थांना आधी मेजावरचे (म्हणजे रॅममधले) जुने कागद तळघरात (म्हणजे हार्ड डिस्कवर) नेऊन ठेवायचे होते, आणि तळघराचा जिना मोठा होता. ‘‘हे आमच्याकडे येत नाही, सर,’’ असे म्हणून तंत्रज्ञाने पिशवी उचलली.

संध्याकाळी कस्टमर केअरचाच फोन आला. तक्रारीचे निवारण झाले का, असे त्या नम्र आवाजाने विचारले. खुर्ची तसूभरही न हलवता मी ‘‘झाले’’ असे सांगितले.