‘35 टक्के पेट्रोल वाचवा’ : त्या फॉरवर्डची चिरफाड

गोव्यातल्या ग्रुपांवर फिरणाऱ्या फॉरवर्डचं म्हणणं असं: स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात, म्हणजे मेस्त्री गाडीतला बिघाड तपासायला वापरतो त्या खाचेत, हजारभर रुपयांचं यंत्र खोचा. ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला शिकवतं, न जळता जाणारं पेट्रोल वाचतं, 35 टक्के बचत होते. पुरावा? फोंड्याच्या कुणाच्या तरी गाडीचं ॲव्हरेज 15 वरून 19 वर गेलं. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक लावला तर सोन्याहून पिवळं.

आधी हिशेबच बघा. 15 चं 19 झालं तर पेट्रोल 21 टक्के वाचतं, 35 नव्हे. स्वतःचाच पुरावा स्वतःच्या मथळ्याला पुरत नाही.

‘न जळता जाणारं पेट्रोल’. धडधाकट इंजिनात 97-98 टक्के इंधन जळतंच. नासाडी होते ती उष्णतेची, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. उरलंसुरलं सगळं जाळलं तरी हाती दोन-तीन टक्केच लागतील.

‘कॉम्प्युटरला शिकवतं’. अशी यंत्रं उघडून पाहणाऱ्या तंत्रज्ञांना आत लुकलुकणारे एलईडी आणि एक साधी चिप सापडली आहे. गाडीशी बोलायची सोयच नाही. ‘फरक दिसायला आधी काही अंतर चालवा’ ही अट मात्र असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, पेट्रोल वाचवणारी म्हणवणारी शंभरावर साधनं तपासली. लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही.

लोहचुंबक. पेट्रोलला त्याचं सोयरसुतक नाही. पुढे.

‘पण त्याचं ॲव्हरेज वाढलं ना!’ खरी मेख इथे आहे, कारण सांगणारा बहुधा खोटं बोलत नसतो. समजा, गाडी 150 किलोमीटर चालली आणि टाकी पुन्हा फुल करायला 10 लिटर लागलं: ॲव्हरेज 15. पुढच्या खेपेला तेवढंच अंतर चालून पंपाच्या उतारावर गाडी तिरकी उभी राहिली, नोझल लवकर कट झालं, 8 लिटरच बसलं. ॲव्हरेज जवळपास 19! यंत्राने काहीच केलं नाही. त्यात पैसे मोजलेला माणूस चार दिवस ॲक्सिलरेटरही जपून दाबतो. रस्ताही बदलतो: 2023 च्या अखेरीस नव्या जुवारी पुलाच्या दोन्ही बाजू खुल्या झाल्यावर मडगाव-पणजी फेरीतलं कुठ्ठाळीचं रांगणं कमी झालं. त्याचं श्रेय यंत्राला कशाला?

ॲव्हरेज घटल्याची तक्रार मात्र सगळीच काल्पनिक नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ई-20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, जुन्या गाड्यांना फटका बसतो. ती ऊर्जा सॉकेटातल्या दिव्याने परत येत नाही.

‘लावून बघायला काय जातं?’ ओबीडी सॉकेटला चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो. जहाजावर गेलेल्यांच्या गाड्या महिनोन्महिने अंगणात उभ्या असतात. त्यांच्या बॅटऱ्या तशाही उतरतात, त्यात या दिव्याची भर. घरी आल्यावर पहिला फोन मेस्त्रीला.