ज्यांची चेष्टा, त्यांनीच डोक्यावर घेतलं

२००० साली विज्ञानकथांसाठीच्या ह्युगो पुरस्काराच्या नाट्यविभागात पाच चित्रपट होते. 'द मेट्रिक्स', 'द सिक्स्थ सेन्स', 'बीइंग जॉन माल्कोविच', 'द आयर्न जायंट' आणि 'गॅलेक्सी क्वेस्ट'. जिंकला 'गॅलेक्सी क्वेस्ट'. ह्युगोला परीक्षक मंडळ नसतं. विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनाचे सभासद, म्हणजे पदरमोड करून संमेलनाला जाणारे, एखाद्या यानाच्या इंजिनावरून तासन् तास भांडू शकणारे चाहते त्यासाठी मतं देतात. ज्या सिनेमात त्यांचेच पोशाख, त्यांचेच प्रश्न आणि सह्यांसाठी लागलेल्या त्यांच्याच रांगा यांची चेष्टा आहे, त्याला त्यांनी 'मेट्रिक्स'च्या वर बसवलं.

मला हा निकाल फार आवडतो. चेष्टा आणि टवाळी यांतला फरक समीक्षकांना कळो न कळो, ज्याची चेष्टा होते त्याला बरोबर कळतो. विज्ञानपटांच्या मालिकांचं प्रेमानं केलेलं विडंबन हा प्रकार मी गेली कित्येक वर्षं मिळेल तिथून शोधून बघते आणि त्याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. इथे चेष्टा करण्याचा हक्क आधी कमवावा लागतो, आणि तो बारकाईनं बघण्यातूनच मिळतो. (सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, पुढे मी सगळी गोष्ट फोडणार आहे.)

चाहत्यांची टवाळी तोवर भरपूर झाली होती. 'गॅलेक्सी क्वेस्ट' जिचं विडंबन करतो ती 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानावरची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली. एकूण ७९ भाग. दुसऱ्याच वर्षी ती गुंडाळायची चिन्हं दिसली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा मारा केला आणि तिसरं वर्ष पदरात पडलं. मालिका खरी मोठी झाली ती बंद पडल्यानंतर, पुनःप्रक्षेपणांतून. १९७२ साली न्यूयॉर्कला चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. १९७६ साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं नाव बदलून 'एंटरप्राइझ' ठेवलं गेलं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती रविवारी सकाळी लागायची, त्यामुळे टोकदार कानांचा स्पॉक त्या पिढीच्या मराठी घरांनाही ओळखीचा आहे.

एवढं सगळं ज्यांनी उभं केलं त्यांच्या वाट्याला काय आलं? १९८६ साली 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात खुद्द विल्यम शॅटनर, म्हणजे मालिकेतला कॅप्टन कर्क, संमेलनाच्या मंचावरून चाहत्यांवर खेकसतो, की अरे, जरा बाहेर पडा, जगा, ती नुसती टीव्हीवरची मालिका होती! प्रहसन विनोदी आहे, मीही हसले आहे. पण त्यातला चाहता बाहेरून जेवढा दिसतो तेवढाच आहे. अमुक भागात कर्कनं तिजोरी उघडली तेव्हा आकडा कोणता लावला, असं विचारणारा एक येडबंबू. त्याला तो आकडा का जाणून घ्यायचा आहे, हा प्रश्न लिहिणाऱ्यांना पडलाच नाही.

'गॅलेक्सी क्वेस्ट' सुरू होतो तो अशाच संमेलनात. सिनेमातली त्याच नावाची काल्पनिक मालिका बंद पडून सतरा-अठरा वर्षं झाली आहेत. नटांना दुसरं काम मिळत नाही. संमेलनात सह्या द्यायच्या आणि दुकानांच्या उद्घाटनाला जायचं, एवढ्यावर गुजराण चालली आहे. ब्रँडन नावाचा एक पोरगा यानाच्या आराखड्यातली एक विसंगती घेऊन नायकाकडे येतो, सोबत दोन-तीन मित्र. जेसन नेस्मिथ (टिम ॲलन) त्या दिवशी आधीच दुखावलेला असतो, कारण थोड्या वेळापूर्वी स्वच्छतागृहात दोन पोरं त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलत होती आणि ते त्यानं ऐकलं आहे. तो ब्रँडनवर ओरडतो की यान वगैरे काही नाही, हे सगळं खोटं आहे. म्हणजे शॅटनरचं प्रहसन इथे जसंच्या तसं आहे. फरक एवढाच की कॅमेरा इथे त्या पोराच्या चेहऱ्यावरही जातो. जस्टिन लाँगचा हा पहिला सिनेमा, आणि तो चेहरा कसा पडतो ते बघाच.

पुढे खरेखुरे परग्रहवासी येतात. थर्मियन. त्यांनी मालिकेचं प्रक्षेपण अंतराळात पकडलेलं असतं आणि ते भाग म्हणजे ऐतिहासिक दस्तावेज आहेत असं त्यांना वाटतं. नाटक, सोंग, कल्पित गोष्ट ही कल्पनाच त्यांच्याकडे नाही. म्हणून त्यांनी ते यान बनवलं आहे. अख्खं. प्लायवूडच्या सेटवर जे जे दिसलं, ते सगळं चालतं करून दाखवलं आहे, आणि नटांना खरे अंतराळवीर समजून ते त्यावर घेऊन जातात. चालक टॉमी लहानपणी मालिकेत नुसती बोटं फिरवायचा, तर यानाची सुकाणू-यंत्रणा त्याच्या त्या बोटांच्या हालचालींवर बेतलेली आहे. आता मोठा झालेला टॉमी यान चालवायला शिकतो तो स्वतःचेच जुने भाग पुन्हा पुन्हा बघून! मालिका किती बारकाईनं पाहिली म्हणजे हा विनोद सुचतो, विचार करा. संगणक जे बोलला तेच पुन्हा मोठ्यानं म्हणायचं, एवढंच काम असलेली बाई अशा मालिकांत असायची. ते काम इथे सिगर्नी वीव्हरकडे आहे. 'एलियन' या विज्ञानपटातली झुंजार नायिका रिप्ली जिनं केली, ती वीव्हर! सहकारी वैतागतात तेव्हा ती ठणकावते की या यानावर मला हे एकच काम आहे, मूर्खपणाचं असेना का, मी ते करणार.

आणि गाय फ्लीगमन. सॅम रॉकवेलनं तो असा केला आहे की मला तो या सिनेमातला सर्वांत जवळचा माणूस वाटतो. मूळ मालिकेच्या एका भागात तो आला आणि पहिली जाहिरात लागायच्या आधीच मेला. 'क्रू मेंबर नंबर सहा'. ग्रहावर उतरायची वेळ येते तेव्हा त्याला कापरं भरतं, कारण मालिकेचा कायदा त्याला पाठ आहे: नाव नसलेला माणूस आधी मरतो. तो विचारतो, माझं आडनाव काय, सांगा? कुणालाच माहीत नसतं. तो म्हणतो, बघा, आडनाव द्यावं एवढासुद्धा मी महत्त्वाचा नाही. हा विनोद 'स्टार ट्रेक'मधल्या लाल शर्टातल्या त्या सगळ्या नाव नसलेल्या एक्स्ट्रांवर आहे. पण ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं, त्यांच्या वतीनं विचारलेला तो प्रश्नही आहे. शेवटी मालिका पुन्हा सुरू होते तेव्हा गायला भूमिका मिळते, आडनावासकट.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. यान उडवून द्यायची उलटी मोजणी सुरू आहे, ती थांबवायची तर यानाच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवं, आणि नटांना रस्ता ठाऊक नाही. कसा असणार? त्यांच्यासाठी ते तीन भिंतींचे सेट होते. नेस्मिथचं खरं संदेशयंत्र चुकून ब्रँडनकडे गेलेलं असतं, त्याच्या खेळण्यातल्या यंत्राशी अदलाबदल झालेली. नेस्मिथ त्या यंत्रावर पृथ्वीवर ब्रँडनच्या घरी संपर्क करतो. ब्रँडन बिचारा आधी समजुतीनं सांगू लागतो, की मला कळतं हो, मी काही अगदीच वेडा नाही, ती फक्त मालिका आहे हे मला माहीत आहे. नेस्मिथ त्याला मध्येच तोडून सांगतो की सगळं खरं आहे. त्या पोराला अर्धा सेकंदही लागत नाही. ''मला माहीतच होतं!''

मग ब्रँडन आणि त्याचे मित्र आपापल्या खोल्यांतून, संगणकावरच्या आपापल्या आराखड्यांवरून, वळणावळणाला रस्ता सांगत नटांना पुढे नेतात. वाटेत त्या ठेचणाऱ्या अवजड यंत्रांचा बोगदा लागतो, ज्याला यानात असायचं काहीएक कारण नाही. तिथे वीव्हर भडकते की हा भाग ज्यानं लिहिला त्याला मारलं पाहिजे. ही तक्रार मूळची चाहत्यांची, आणि ती इथे नटीच्या तोंडी येते. (तिथे तिच्या ओठांवर एक शब्द आहे आणि ऐकू भलताच येतो. मुलांनाही सिनेमा दाखवता यावा म्हणून नंतर शब्द बदलला. मला हा बदल आजही खटकतो.) आणि मोजणी थांबते ती शेवटच्या सेकंदाला, कारण मालिकेत ती नेहमी तिथेच थांबायची आणि थर्मियनांनी तसंच बनवलं आहे.

पॅट्रिक स्ट्यूअर्टनं, म्हणजे नंतरच्या 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन पिकार्डनं, हा सिनेमा आधी पाहायचाच टाळला होता. आपली टर उडवली असेल असं त्याला वाटलं. त्याचा सहकारी जोनाथन फ्रेक्स मागे लागला म्हणून तो गेला, आणि थिएटरात सगळ्यांत मोठ्यानं आपणच हसत होतो असं त्यानं पुढे सांगितलं. त्याला सर्वांत आवडलं ते हेच, की यानाचं विज्ञान ज्यांना कळत होतं त्या चाहत्यांमुळे सगळे वाचतात.

तिजोरीचा आकडा विचारणाऱ्या त्या चाहत्याला माझ्या मते इथे उत्तर मिळालं. त्याचं बघणं वाया गेलेलं नव्हतं.

दुसरी बाजू नटांची. ॲलन रिकमननं केलेला अलेक्झांडर डेन हा रंगभूमीवरचा मुरलेला नट आहे, आणि जग त्याला ओळखतं ते डोक्यावर रबरी कवच चढवलेला परग्रहावरचा डॉक्टर म्हणून. 'ग्रॅबथारच्या हातोड्याची शपथ' हे त्याचं घोषवाक्य. ते ऐकलं की त्याचं पित्त खवळतं. एका दुकानाच्या उद्घाटनात त्याला त्याच शपथेला जोडून सवलतीची जाहिरात करावी लागते, आणि रिकमन ती ओळ अशी काही म्हणतो की शब्दाशब्दातून मान तुकवल्याची लाज गळते. घरी गेला तरी डोक्यावर ते कवच तसंच.

मग यानावर क्वेलेक नावाचा एक तरुण थर्मियन त्याच्यासमोर गोळी लागून पडतो. या पोरानं डॉक्टर लाझरसच्या, म्हणजे डेनच्या भूमिकेच्या, शिकवणीवर आयुष्य काढलेलं आहे, आणि मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानत आलो असं तो सांगतो. डेन त्याच्या शेजारी बसतो आणि तीच शपथ म्हणतो. पूर्ण. तुझा सूड घेतला जाईल, इथपर्यंत. ओळ तीच, नट तोच, रबरी कवच अर्धं सोललेलं, आणि कुणीही हसत नाही. अभिनय म्हणजे काय हे दाखवायला मला कुणी एकच उतारा मागितला तर मी हा देईन. स्पॉक केलेल्या लिओनार्ड निमॉयनं १९७५ साली आत्मचरित्राला 'आय ॲम नॉट स्पॉक' आणि १९९५ साली दुसऱ्याला 'आय ॲम स्पॉक' असं नाव दिलं होतं. त्या वीस वर्षांचा प्रवास रिकमन दीड तासात करतो.

याच्या उलट मला 'द बिग बँग थिअरी' कधीच पचली नाही. २००७ ते २०१९ अशी बारा वर्षं चालली, लोकांना आवडली, स्वतः निमॉयनं तिच्यात आवाज दिला, हे मान्य. पण तिच्यात 'स्टार ट्रेक'चं नुसतं नाव घेतलं की हशा पिकतो. नाव हाच विनोद. त्या मुलांना ती मालिका का हवीशी वाटते, त्यात ते नेमकं काय बघतात, हे क्वचितच कळतं. तिथे मी चाहत्यांबरोबर हसत नसते. मला त्यांच्यावर हसायला बसवलेलं असतं. ज्यांना आवडते त्यांनी खुशाल भांडावं.

ब्रिटनमध्ये याच सुमारास एक गंमत झाली. मार्च १९९९मध्ये 'कॉमिक रिलीफ' या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी स्टीव्हन मॉफटनं 'डॉक्टर हू'चं, म्हणजे मरायच्या वेळी देह बदलून नवा होणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरच्या मालिकेचं, एक छोटं विडंबन लिहिलं. डॉक्टर म्हणून रोवन ॲटकिन्सन. मूळ मालिका १९८९पासून बंद होती, मधे फक्त १९९६ साली एक टीव्हीपट येऊन गेला होता. विडंबनात पाचकळ विनोद भरपूर आहेत, डॉक्टर एकामागून एक देह बदलतो आणि शेवटी जोआना लमली होतो. बाई झालेला डॉक्टर हा तेव्हा विनोद होता. २०१७ साली जोडी व्हिटेकरची निवड झाली तेव्हा तो विनोद उरला नव्हता. पण डॉक्टर मरतोय असं वाटतं त्या क्षणी त्याची सोबतीण म्हणते की तो कधीच क्रूर नव्हता आणि कधीच भित्रा नव्हता. हे वर्णन जुन्या मालिकेचा लेखक टेरन्स डिक्सचं, जुन्या चाहत्यांना तोंडपाठ. तोच मॉफट २०१०पासून खऱ्या मालिकेचा मुख्य लेखक झाला आणि २०१३च्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या भागात त्यानं डॉक्टरच्या प्रतिज्ञेत ते शब्द परत आणले.

माइक मॅकमॅहनचंही तसंच. पिकार्डच्या 'स्टार ट्रेक'चा, म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन'चा, आठवा हंगाम कधी झालाच नाही, त्याच्या कपोलकल्पित भागांची कथानकं तो ट्विटरवर लिहायचा. त्यातून पुढे त्याच्याच हाती 'स्टार ट्रेक: लोअर डेक्स' आली. २०२० ते २०२४, पाच हंगाम, ॲनिमेशन, आणि नायक म्हणजे यानावरची सर्वांत खालच्या पायरीची पोरं. गाय फ्लीगमनचीच भावंडं.

आणि 'गॅलेक्सी क्वेस्ट'? २०१३ साली लास व्हेगासच्या 'स्टार ट्रेक' संमेलनात चाहत्यांनी 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटांची क्रमवारी लावली, त्यात 'स्टार ट्रेक' नसलेला हा सिनेमा सातवा आला. बघायला घेणार असाल तर 'स्टार ट्रेक' पाहिलेली असायलाच हवी असं नाही. मुलांना सोबत घ्या. थर्मियनांचा म्होरक्या मथेसार यातनायंत्रावर पडलेला असताना नेस्मिथ त्याला सांगतो की आम्ही खोटं बोललो, ते यान एवढंसं खेळण्यातलं होतं, आणि मथेसारला ते कळतच नाही, तो फक्त विचारतो की का. तिथे जरा थांबवा आणि मुलं काय उत्तर देतात ते मला इथे कळवा.