एकच पिक्चर केला म्हणे!

आज नाशकात गंगापूर रोडला एका साखरपुड्याला गेलेलो. जेवताना एका नातेवाइकांनी माझ्या भाच्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, किती पिक्चर झाले तुझे?" पोरगा म्हणाला, एक झालाय, दुसरा लिहितोय. "एकच? आणि तोही कुठं लागला नाही ना? म्हणजे सध्या घरीच!" आणि हसले. टेबलावरचे बाकीचेही हसले. पोरगा ताटातल्या जिलबीचे तुकडे करत बसला. परक्याच्या कार्यात तमाशा नको म्हणून मी गप्प बसलो, पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

आणि आठवतोय कमल स्वरूप. 'ओम दर-ब-दर' या सिनेमाचा दिग्दर्शक. माझ्या लिस्टमधल्या बऱ्याच जणांना मी हा सिनेमा जबरदस्तीने दाखवलाय. १९७४ ला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला माणूस, १९७६ च्या 'घाशीराम कोतवाल' सिनेमाच्या चार दिग्दर्शकांपैकी एक, ॲटनबरोच्या 'गांधी'वर सहाय्यक म्हणून राबलेला. मग एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशातून 'ओम' केला, १९८८ ला. आणि थिएटरला लागला कधी? जानेवारी २०१४! पंचवीस वर्षं डब्यात. तोवर व्हिडिओ कॅसेटवरून कॅसेट, त्या कॅसेटवरून आणखी कॅसेट असा हातोहात फिरत राहिला, आणि सिनेमा शिकणाऱ्या पोरांच्या किती बॅचेस तेवढ्यावर वेड्या झाल्या. त्या पंचवीस वर्षांत तो कुठल्या लग्नाला गेला असेल तर त्यालाही कुणीतरी विचारलंच असेल ना, "सध्या काय, घरीच?"

मी तो पहिल्यांदा जेल रोडला मित्राच्या घरी बघितला. कॉपी एवढी खराब की माणसांचे चेहरे हिरवट दिसत होते. अजमेर-पुष्करचा पोरगा, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेला बाप, बेडकांच्या पोटात हिरे, काय चाललंय कळायला मार्ग नाही, आणि आम्ही दोघं डोळे फाडून बघतोय. तेवढ्यात मित्राचे वडील आले. नोटप्रेसमधून रिटायर झालेले, सिनेमा म्हणजे दादा कोंडके एवढंच मानणारे. आम्हाला वाटलं आता शिव्या बसणार. काका दारात उभे, खांद्यावर पंचा, तळहातावर तंबाखू, आणि चुना लावायचं राहूनच गेलं. शेवटपर्यंत उभे होते हो! संपल्यावर म्हणाले, "डोक्यावरून गेलं रे पोरांनो. पण जागचं हलवेना."

आता कुणीतरी म्हणेलच, पैसा लावणाऱ्याने काय करायचं. बरोबर आहे, त्याला त्याचे पैसे परत हवेच असतात. आणि हो, न कळणारा प्रत्येक सिनेमा भारी नसतो, काही नुसतेच कंटाळवाणे असतात. मान्य. पुढे.

राग कशाचा येतोय, तर हे नाशिकमध्ये चाललंय. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७०. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा कुठं १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' झाला. पुढे कंपनीत भागीदारांशी पटेना तर सगळं सोडून काशीला निघून गेले, तिथं 'रंगभूमी' नाटक लिहिलं, परत आले. 'गंगावतरण' १९३७ ला, आणि त्यानंतर एकही नाही. १९४४ ला इथंच नाशकात गेले. त्या शेवटच्या वर्षांत नाशकात त्यांनाही कुणीतरी जेवताना विचारलं असेलच की. आणि आज आपण पांडवलेणीखालच्या फाळके स्मारकात पाहुण्यांना मिरवत नेतो!

आणि यातली खरी गोष्ट सांगू? त्या फाळक्यांच्या मागे आयुष्यातली कितीतरी वर्षं कोण लागलं होतं, तर हाच कमल स्वरूप. ज्या काळात याच्या नावावर थिएटरला लागलेला 'ओम' पण नव्हता, त्या काळात हा आपल्या त्र्यंबकच्या माणसाचं आयुष्य कण कण गोळा करत होता. काशीतल्या त्या दिवसांवर त्याने 'रंगभूमी' याच नावाची डॉक्युमेंटरी केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१३ चा. सिनेमा लागत नव्हता म्हणून हा माणूस 'घरीच' होता का? काम चालूच होतं ना! या लोकांचं करिअर असंच चालतं. एक सिनेमा, मग वर्षानुवर्षं कुणाला न दिसणारं काम, पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची कामं, शिकवणं, लिहिणं. ते मोजायचं माप आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे माप दोनच, किती केले आणि किती कमावले. नंतर कल्ट-कल्ट म्हणत टाळ्या वाजवायला सगळे हजर, मधली वर्षं त्यानं एकट्यानं काढायची.

एवढं लिहिल्यावर जरा शांत झालोय. ते नातेवाईक वाईट नाहीत, घरात अडीनडीला पहिले धावून येणारे तेच. पण दादा, तुम्ही हे वाचताय माहितीये मला. जेल रोडच्या काकांनाही काही कळलं नव्हतं. त्यांनी पोरांना हसून नाही दाखवलं, उभे राहिले. पोराला विचारायचंच होतं तर "कशावर केलायस रे?" एवढं तरी विचारायचं, त्यानं जिलबी बाजूला ठेवून अर्धा तास सांगितलं असतं.

भाच्याचा पिक्चर पुढच्या रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर दाखवतोय. तिकीट शंभर रुपये, घरच्यांनाही. तासाभराचा आहे. व्हॉट्सॲपवर लिंक मागू नका, मिळणार नाही, येऊन बघा. आणि दादा, तुमची खुर्ची पुढच्या रांगेत ठेवतोय, वहिनींना घेऊन या.