फोर-स्ट्रोकचं खूळ

रिमोटने उडवायचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं छोटं विमान बांधून, वर फिल्म चढवून तयार होतं. नाकाशी इंजिनाच्या माउंटची चार भोकं तेवढी पाडायची राहिली होती, आणि ती कुठे पाडायची हे इंजिन ठरल्याशिवाय कळणार नव्हतं. आराखड्याच्या कोपऱ्यात चालतील त्या इंजिनांचे आकार बारीक अक्षरांत छापले होते: टू-स्ट्रोक ४० ते ४६, फोर-स्ट्रोक ५२ ते ७०. माझी झोप उडवायला एवढं पुरलं.

पहिला सल्ला अपेक्षित होता. "इलेक्ट्रिक मोटर लाव. बॅटरी जोडायची, स्टिक वर करायची, उडवायचं. तेल नाही, धूर नाही, कटकट नाही." असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. तो बरोबर असतो.

दुसरा सल्ला टू-स्ट्रोकचा. तेवढीच ताकद कमी वजनात, कमी पैशांत, आणि आत हलणारे भाग बोटांवर मोजण्याइतके. हेही खरंच. पण टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक एकाआड एक फेऱ्याला. शिवाय टू-स्ट्रोक मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेत किंचाळतं, तर फोर-स्ट्रोक मोठा प्रॉपेलर घेऊन नऊ-दहा हजारांत समाधानी असतं. म्हणजे त्याचा सूर टू-स्ट्रोकच्या निम्म्याहून खाली. तो भरदार, घुमणारा आवाज एकदा डोक्यावरून गेला की माणूस कामातून गेला. १९७६ साली जपानच्या ओ.एस. कंपनीने एफएस-६० हे फोर-स्ट्रोक इंजिन बाजारात आणलं, तेव्हापासून असे कामातून गेलेले लोक जगभर आहेत.

अर्थात "आवाजासाठी घेतोय" असं घरात सांगता येत नाही. घरात इंधनाची बचत सांगावी लागते. बचत होतेच, खोटं नाही. फक्त इंजिनाच्या किमतीतला फरक तेवढ्या बचतीतून भरून निघायला मला किती वर्षं उडवावं लागेल, हा हिशेब मी मांडला आणि कागद फाडून टाकला.

मग आकाराचा घोळ. आराखड्यावरचे आकडे म्हणजे इंजिनाचं आकारमान, घनइंचाच्या शतांशांत. ६१ म्हणजे दहा सीसी, ९१ म्हणजे पंधरा. आणि टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक बसवायचं तर साधारण दीडपट घ्यायचं. चाळीसची दीडपट साठ. पण साठाच्या आसपास जे मिळतं ते ५६, नाहीतर ६२, नाहीतर ७२. एक जण म्हणाला, "थोडं मोठंच घे, थ्रॉटल आपल्या हातात असतो." हे वाक्य प्रत्येक वेळी पुढचा आकार घ्यायला लावतं. त्याच्या मागे गेलो असतो तर १२० वर पोचलो असतो आणि इंजिनाला साजेसं दुसरं विमान बांधायला घेतलं असतं.

कंपनीचा विषय तर काढूच नये. ओ.एस.वाले सौम्य असतात. "ठीक चालतं" यापलीकडे बोलत नाहीत. सायतोवाले भाविक. सायतोचं सिलिंडर आणि हेड एकसंध असतं, त्यामुळे दोघांच्या सांध्यात गळायला हेड गॅस्केटच नाही, हे ते ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात लोक आरती म्हणतात. वायएसवाले फारसे भेटत नाहीत. त्यांचं इंजिन क्रँककेसचाच पंप करून जास्तीची हवा आत कोंबतं, ताकद अफाट. मालक मात्र बहुतेक वेळा इंधनाच्या रेग्युलेटरचा स्क्रू फिरवत ओणवा सापडतो.

सगळ्यांचं एकमत फक्त भीतीवर झालं. मिश्रणात इंधन कमी पडलं की फोर-स्ट्रोक अवेळी पेटून उलटा झटका देतं, प्रॉपेलरचा नट सैल होतो आणि प्रॉपेलर विमानाला सोडून एकटाच उडतो. म्हणून दोन नट, एकावर एक. आणि उभं राहायचं ते प्रॉपेलरच्या मागे, समोर किंवा बाजूला नाही. एवढं सांगून झाल्यावर प्रत्येकाने "पण इंजिन झकास हं" असं पुढे जोडलंच.

माहितीपुस्तिकेत व्हॉल्व्हची फट ०.०४ ते ०.१० मिलिमीटर ठेवा असं लिहिलेलं असतं. इंजिन थंड असताना, त्यांनीच दिलेल्या पत्र्याच्या पात्या सरकवून. मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.

शेवटी निकाल लावला तो विमानाच्या शेपटीने. तोल पाहिला तर शेपूट जड. हलकं इंजिन लावलं तर नाकात शिसं भरावं लागणार. नुसतं वजन म्हणून शिसं हवेत फिरवण्यापेक्षा फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह हलवणारे तेवढ्या वजनाचे रॉकर, पुशरॉड आणि कॅमशाफ्ट फिरवलेले काय वाईट? इतकं निर्दोष कारण मिळाल्यावर ५६ त्याच संध्याकाळी मागवलं. रॉकरची डोकी काउलमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या झाकणात, मावेनात, तेव्हा काउलला भोक पाडलं. मागच्या बाजूच्या कार्ब्युरेटरला जागा हवी म्हणून माउंट पुढे घेतला.

पहिल्या टाक्या जमिनीवरच जाळायच्या असतात, इंधन भरपूर सोडून, इंजिन रुळेपर्यंत. ब्रीदरच्या नळीतून काळपट तेल टपकत होतं, धूर होता, आणि तो आवाज होता. बायको दाराशी येऊन बराच वेळ ऐकत उभी राहिली. मला वाटलं, पटलं.

"अहो, मोटारसायकलचाच आवाज हवा होता तर मोटारसायकलच घ्यायची," ती म्हणाली. "निदान बसता तरी आलं असतं."