मॅन्युअल वाचणारी ती पिढी होती कुठे?

सध्या एक पोस्ट बरीच फिरते आहे. सोबत जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्याचा आणि आतल्या रंगीत पुस्तिकेचा फोटो. मजकूर साधारण असा: पूर्वीचे खेळाडू आधी मॅन्युअल नीट वाचायचे, मगच कंट्रोलर हातात घ्यायचे. आजच्या पोरांना दोन ओळी वाचायचा धीर नाही. म्हणून कंपन्यांनी मॅन्युअल छापणंच बंद केलं आणि गेमही बाळबोध झाले. म्हणजे दावे चार. शेवटच्यात थोडं तथ्य आहे, बाकीच्यांत फारसं नाही.

पहिला दावा, पूर्वी सगळे वाचायचे. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा गेम १९८७ साली अमेरिकेत आला. सुरुवातीच्या पडद्यावर काहीच न दाबता थांबलं तर गेममधल्या वस्तूंची यादी सरकत जाते आणि शेवटी नायक लिंक पाटी धरून उभा दिसतो: तपशिलासाठी मॅन्युअल पाहा. आता, ‘येथे थुंकू नये’ ही पाटी कुठल्या भिंतीवर लावतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच काळात हा गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत अडलेल्या खेळाडूंना फोनवर मार्ग सांगायला पगारी माणसं बसवली होती. सगळीच उत्तरं पुस्तिकेत नसायची हे खरं. पण आधी सगळं वाचून शांतपणे खेळायला बसणाऱ्या पिढीचं हे चित्र नक्कीच नाही.

हे फक्त मुलांचंही नव्हतं. आयबीएममधले संशोधक जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली लिहून ठेवलंय की ऑफिसातली मोठी माणसंसुद्धा नवं सॉफ्टवेअर हाती आलं की पुस्तिका बाजूला ठेवून थेट कामाला लागतात. आधी वाचलं तर पुढे वेळ वाचेल, हे कळत असूनही.

आणि ही पोस्ट मराठी ग्रुपांवर ‘आमच्या वेळी’ म्हणून फिरते तेव्हा तर हसूच येतं. आमच्या वेळी टीव्हीला जोडायचा तो ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे निन्टेन्डोची नक्कल, आणि सोबत ‘९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट. त्यातले गेम मोजके, तेच पुन्हा पुन्हा यादीत. मॅन्युअल कसलं मिळतंय! ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेममध्ये तीस लाइफ मिळवायचा, बटणं दाबायचा वर-वर-खाली-खालीचा मंत्र कुठल्यातरी मित्राच्या चुलतभावाकडून यायचा. कॉम्प्युटरवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळणाऱ्यांना चीट म्हणजे चोरवाटा चालू करायला ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करायचं हे पाठ होतं, आणि तेही पुस्तिकेतून आलं नव्हतं.

त्याच ‘प्रिन्स’ची गंमत बघा. मूळ डॉस (विंडोजच्या आधीच्या कॉम्प्युटरवरच्या) आवृत्तीत पहिली लेव्हल संपली की एका दालनात कुपीच कुपी दिसतात, प्रत्येकीवर एक अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतला अमुक शब्द शोधायचा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची कुपी प्यायची, तरच पुढे जाता येतं. १९९० च्या ‘मंकी आयलंड’ या गेमसोबत समुद्री चाच्यांचे चेहरे जुळवायची पुठ्ठ्याची चकती यायची, तिचं कामही हेच. फ्लॉपीची नक्कल सहज व्हायची, छापील वस्तूची करणं जिकिरीचं होतं. म्हणजे ज्या मॅन्युअलच्या आठवणीने आज गळे दाटून येतात, त्यातली कित्येक डब्यात होती ती कुलूप म्हणून. वाचनसंस्कृतीशी त्यांचा संबंध बेताचाच. अडला हरी तेव्हा पुस्तिकेचे पाय धरायचा, एवढंच.

आणि हरी आजही अडतो. हा दुसऱ्या दाव्याचा समाचार. ‘माइनक्राफ्ट’ या गेमने सुरुवातीची अनेक वर्षं खेळाडूला जवळपास काहीच सांगितलं नाही. कुदळ कशी बनवायची, भट्टी कशी, हे गेमबाहेर विकीवर, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेल्या माहितीच्या वेबसाइटवर, वाचावं लागायचं. गेमच्या आत पाककृतींचं पुस्तक आलं २०१७ मध्ये. दरम्यान २०१३ साली त्याची अधिकृत छापील हँडबुकं निघाली आणि ती इंग्लंडात बेस्टसेलर ठरली. वाचायचा धीर नसलेल्या त्याच पोरांनी आईबाबांच्या मागे लागून विकत घेतलेली मॅन्युअल होती ती, दुसरं काय?

‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ (२०१५) हा गेम तर मॅन्युअलशिवाय खेळताच येत नाही. एकाला बॉम्ब दिसतो, बाकीच्यांकडे तो निकामी करायची तेवीस पानी पुस्तिका. एकाने दुसऱ्याचं बघायचं नाही. घड्याळ चालू असताना, ओरडाआरडा करत, लोक ती किचकट पानं वाचतात. आणि ‘ट्युनिक’मध्ये (२०२२) मॅन्युअलची पानंच खजिना म्हणून विखुरलेली आहेत, मजकूर बराचसा काल्पनिक लिपीत. खेळाडूंनी ती लिपीसुद्धा उलगडली. शिवाय दर अपडेटबरोबर येणाऱ्या बदलांच्या लांबलचक याद्या आहेतच. कुठल्या बंदुकीचा झटका किती कमी झाला, हे तोंडपाठ असलेली मुलं तुमच्याही घरात असतील. पुष्कळसं आता यूट्यूबवर बघून होतं, हे मान्य. पण वाचन संपलं म्हणणाऱ्याने एखाद्या गेमचा विकी कधी उघडलेला नसावा.

तिसरा दावा लवकर आटपतो. छापील मॅन्युअल बंद करायची मोठी घोषणा युबीसॉफ्ट या गेम कंपनीने एप्रिल २०१० मध्ये केली. कारण दिलं पर्यावरणाचं, आणि पुस्तिका गेममध्येच डिजिटल स्वरूपात देऊ म्हणाले. कागद आणि छपाईचा खर्च वाचला, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती असं मला वाटतं. त्यात स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानांतून गेम डाउनलोड व्हायला लागले. डबाच नाही तर पुस्तिका ठेवणार कुठे? आणि जो गेम दर काही आठवड्यांनी बदलतो, त्याची छापील पुस्तिका शिळीच होणार.

राहिला चौथा, गेम बाळबोध झाल्याचा. न वाचता खेळता येणं ही आजची सवलत नाही. १९७२ च्या ‘पाँग’ यंत्रावर खेळायची मुख्य सूचना एका वाक्याची होती: जास्त गुण हवेत तर चेंडू चुकवू नका. १९८५ च्या ‘सुपर मारिओ’त पहिला शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर मरता, आणि मेल्यावर कळतं. मग मशरूम निघतं, पाइपला आपटून उलट तुमच्याकडेच येतं, आणि अंगाला लागल्यावर समजतं की हे चांगलं असतं. ही मांडणी मुद्दाम केली होती, असं हा गेम घडवणारे शिगेरू मियामोतो यांनी स्वतः सांगितलंय. त्या गेमला कुणी बाळबोध म्हणत नाही.

तथ्य आहे ते एवढंच: आज कित्येक गेम सुरुवातीला बोट सोडतच नाहीत. पुस्तिका बाजूला ठेवता यायची, पण ट्युटोरियल, म्हणजे गेममध्येच कसं खेळायचं ते शिकवणारा भाग, वगळता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तीन गेम आणि ४५ हजार खेळाडू घेऊन हेच तपासलं. सर्वात गुंतागुंतीच्या गेममध्ये ट्युटोरियलमुळे लोक २९ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ खेळले. उरलेल्या दोन सोप्या गेममध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा उडी कशी मारायची हे दहा मिनिटं शिकवणाऱ्यांवर चिडायचं असेल तर जरूर चिडा. पण ते ट्युटोरियल लिहिलंय गेम बनवणाऱ्यांनी, खेळणाऱ्या पोरांनी नाही.